चॅनल बंद करताना आजीला काय सांगू?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या सावईवेऱ्याची, वय २७. लॉकडाऊनच्या वर्षी, २०२० च्या पावसात, आजी तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी निवडत होती. ते सहज मोबाइलवर टिपलं आणि यूट्यूबवर टाकलं. तेव्हापासून दर रविवारी आजी, चूल आणि आमचं कुळागर, म्हणजे घरामागची नारळ-सुपारीची बाग. तेरें (रानअळू), फागलां (कर्टोली), खतखते, मुगागाठी, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) पातोळ्या, गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या माटोळीची बांधाबांध. आज ६२ हजार लोक चॅनल बघतात. त्यातले कितीतरी जण आजीला ‘आमची आजी’ म्हणतात.

मला ब्रिटनमध्ये अन्नविज्ञानाच्या एम. एस्सी.ला प्रवेश मिळालाय. चवथ झाली की निघायचं. माझं मन जाण्याकडे आहे, हे खरं. पण तीन वर्षांपूर्वी मीच कुळागरात उभी राहून ‘गाव सोडू नका’ असा व्हिडिओ केला होता. तो सगळ्यांत जास्त बघितला गेला. आता कोणत्या तोंडाने सांगू? एकजण चॅनलचे दोन लाख द्यायला तयार आहे, आणि काका म्हणतात, देऊन टाक, तिकडे उपयोगी पडतील. मैत्रिणी म्हणतात, तिकडूनच व्हिडिओ कर, परदेशातली गोंयकार मुलगी जास्त चालेल. काकांचं आणखी एक म्हणणं, आजोबांचे जन्माचे कागद काढून पोर्तुगालचा पासपोर्टच करून टाक. आणि आजी ८१ वर्षांची. दर रविवारी केस विंचरून, धुवट लुगडं नेसून बसते आणि विचारते, “आज व्हिडिओ काडचो न्हय गो?” तिला अजून काहीच सांगितलेलं नाही. काय करू?

उत्तर : बाळ, तुझं पत्र वाचून मी बराच वेळ पडवीत बसून राहिले. कारण सांगते.

१९९१ साली मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात प्राथमिक शिक्षिका होते. शाळेतल्या मुलांचं एक मराठी नाटक मी दरवर्षी देवळाच्या उत्सवात बसवायची. सलग आठ वर्षं बसवलं. त्या वर्षी यजमानांना मस्कतला नोकरी लागली आणि मेच्या सुट्टीत आम्ही गेलो. मुलांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. वाटलं, शाळा उघडली की त्यांना कळेलच. बारा वर्षांनी परतले, तेव्हा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका बाईने माझा हात धरला. कडेवर मूल होतं. म्हणाली, “बाई, तालमीला आम्ही तीन दिवस देवळात येऊन बसलो. तुम्ही आजारी असाल असं वाटलं.” नाटक पुढच्या वर्षी दुसऱ्या मास्तरांनी बसवलं, चांगलं बसवलं. माझ्यावाचून काही अडलं नाही. पण ते तीन दिवस मी त्या मुलांचे घेतले, ते मला परत देता आले नाहीत.

म्हणून सर्वांत आधी आजी. प्रेक्षकांच्या आधी, काकांच्या आधी. या रविवारी कॅमेरा काढू नकोस. तिच्या शेजारी बसून सरळ सांग की मी शिकायला जाते, आणि व्हिडिओ आता थांबणार. ती रडेल कदाचित. रडू दे. ८१ वर्षांच्या बाईने याहून मोठे निरोप पाहिले असतील. गोव्यात असं घर शोधून काढावं लागेल, जिथलं कुणी तारवावर, आखातात किंवा मुंबईला गेलेलं नाही. न सांगता तिला लुगडं नेसून बसवणं मात्र तू करू नयेस.

‘गाव सोडू नका’ हा व्हिडिओ पुसू नकोस. तू तेव्हा खोटं बोलली नव्हतीस. २४ व्या वर्षी कुळागरात उभं राहून जे वाटलं ते बोललीस, २७ व्या वर्षी वेगळं वाटतंय. शेवटच्या व्हिडिओत तेच सांग. मी असं म्हटलं होतं, आता मी जाते आहे, आणि ज्यांना माझ्या त्या बोलण्याने टोचलं असेल त्यांची क्षमा मागते. घरातली माणसं पोटापाण्यासाठी बाहेर असलेल्या कितीजणांनी तो व्हिडिओ पाहून मान खाली घातली असेल, त्यांना हे ऐकायचा हक्क आहे. चार मिनिटं पुरेत. ‘थोडा ब्रेक घेते’ असं म्हणू नकोस, लोक वाट बघत राहतात.

चॅनल विकण्याला माझा स्पष्ट नकार आहे. तुझ्याकडे विकायला काय आहे, याचा विचार कर. कॅमेरा तुझा, मेहनत तुझी, पण चेहरा आजीचा आणि विश्वास त्या ६२ हजारांचा. घेणारा तुझ्या पाककृतींसाठी दोन लाख मोजत नाही, तयार प्रेक्षक मिळतात म्हणून मोजतो. उद्या त्याच नावाखाली जुगाराच्या ॲपची जाहिरात आली, तर लोकांना वाटेल आजीच सांगते आहे. आजीला विचारलंस का, तुझा चेहरा विकू का म्हणून?

तिकडून व्हिडिओ करायच्या सल्ल्याबद्दल मात्र भावनेपेक्षा कायदा आधी बघ. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर पदवी किंवा त्यापुढचं शिक्षण घेताना सत्र चालू असेपर्यंत आठवड्याला २० तास नोकरी करता येते, पण स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. व्हिडिओ काढून जाहिरातींचे पैसे घेणं त्या व्यवसायातच मोडतं. मैत्रिणींना हे माहीत नसेल. व्हिसा मात्र तुझा जाईल. जुन्या व्हिडिओंवर येत राहणाऱ्या पैशांचं काय, हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला निघण्यापूर्वी ईमेलने विचार आणि उत्तर लेखी घे. मी तुझ्या जागी असते तर निघायच्या आदल्या आठवड्यात जाहिरातीच बंद केल्या असत्या. तसंही सहा महिने काही टाकलं नाही, तर यूट्यूब पैसे देणं थांबवू शकतं.

पोर्तुगालचं काकांनी सहज म्हटलं असेल, पण ते सहज करण्यासारखं नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीत, गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुला-नातवंडांची नोंद लिस्बनला करता येते, हे खरं. पण दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आपणहून घेतलं की १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारताचं नागरिकत्व त्याच क्षणी संपतं. पूर्वी त्या पासपोर्टवर आपली माणसं थेट इंग्लंडात स्विंडन, साउथॉलला जाऊन कामाला लागत. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ३१ डिसेंबर २०२० ला तो रस्ता बंद झाला. तू जाते आहेस एक वर्ष शिकायला. तेवढ्यासाठी नागरिकत्व देऊन बसू नकोस.

आता मला खरं जे सांगायचंय ते. लोकांना दाखवलेले व्हिडिओ राहतीलच. तू कापून टाकलेलं कुठे आहे? खतखत्याच्या त्या व्हिडिओत (तुझ्या पत्रानंतर मी चॅनल शोधून पाहिला) आजी तिरफळं ठेचताना काहीतरी सांगायला तोंड उघडते आणि तिथेच तुझी कात्री लागलीय. पुढे एकदम कढई. ती काय म्हणाली? किती तिरफळं घालायची ते? की तिच्या सासूचं काही? बारा मिनिटांत बसवायला तू जे कापलंस, त्यातच आजी जास्त असणार. मूळ चित्रीकरण मोबाइलवर असेल तर आजच दोन हार्ड डिस्कवर उतरव. एक घरी ठेव, दुसरी मामाकडे की मावशीकडे, पण वेगळ्या छपराखाली. पावसात आपल्या घरांत विजेचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तारीख आणि पदार्थाचं नाव प्रत्येक फाइलला दे. कंटाळवाणं काम आहे. कर.

आणि हा पावसाळा अजून हातात आहे. व्हिडिओसाठी नको, नुसता आवाज ध्वनिमुद्रित कर. कुळागराच्या कडेने तिला हळूहळू फिरव आणि विचार, हे काय, कधी उगवतं, कुठलं खाजरं (घशाला खाजणारं), कशात सोलं (आमसुलं) घालावी लागतात, कुठल्याला हात लावायचा नाही. माटोळीला बांधायची कवंडळं, कांगणं आणायला तिचे वडील कुठल्या डोंगरावर जात, तेही विचार. तू अन्नविज्ञान शिकायला निघाली आहेस, तेव्हा तेऱ्याला आंबट का लागतं याचं उत्तर तुला तिकडे प्रयोगशाळेत मिळेल. प्रश्न मात्र इथूनच घेऊन जावा लागेल.

चॅनलचा पासवर्ड कुणालाही देऊ नकोस. सेटिंगमध्ये परवानग्या असतात, तिथे घरातल्या विश्वासाच्या एकाला व्यवस्थापक कर. तो अधूनमधून खालचे अभिप्राय आजीला वाचून दाखवील. तेवढं तिचं तिला मिळत राहू दे.

राहिला रविवार. तो रिकामा सोडू नकोस. तू फोन कर, आणि वेळ ठरवून कर. उन्हाळ्याच्या वेळेत तिकडे साडेअकरा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे चार, म्हणजे आजीच्या चहाची वेळ. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात, आणि मग तुझे साडेअकरा म्हणजे इथले पाच. त्या रविवारच्या आदल्या दिवशीच तिला हे सांगून ठेव. नाहीतर ती चारला लुगडं नेसून बसेल.