जर्मनीत डुकाटी मॉन्स्टर परवडेल का?

पुण्यातून नोकरीसाठी जर्मनीला जाताय आणि 937 सीसीची मॉन्स्टर बाइक घ्यायची म्हणताय, तर टॅक्सची धास्ती सोडा. दर 25 सीसीला 1.84 युरो, म्हणजे वर्षाचे जेमतेम 70 युरो. दर दोन वर्षांनी तांत्रिक तपासणी असते, तीही फार जड नाही.

खिसा रिकामा होतो तो मजुरीत. कोथरूडला ओळखीचा मेकॅनिक चहा पिता पिता चेन घट्ट करून देतो, तिकडे शोरूमचं मीटर तासावर पळतं. नेहमीची ऑइल सर्व्हिस ठीक, पण 30,000 किलोमीटरला डेस्मो व्हॉल्व्हची, म्हणजे इंजिनातल्या खास झडपांची, तपासणी येते. झडप उघडायला आणि बंद करायला वेगवेगळे रॉकर (झडप हलवणारे छोटे दांडे), त्यामुळे मोजमाप दुप्पट आणि बिलही तसंच. सेकंडहँड घेत असाल तर ही सर्व्हिस झाल्याचा कागद आधी मागा. नसेल तर सरळ किंमत पाडून मागा.

हंगामी नंबरप्लेट मात्र जरूर घ्या. मार्च ते ऑक्टोबर घेतलीत तर टॅक्स आणि विमा तेवढ्याच महिन्यांचा. बाकीच्या महिन्यांत गाडी रस्त्यावर पार्कसुद्धा करता येत नाही, तेव्हा गॅरेजचं भाडं हिशेबात धरा.

आणि खर्च फारच खुपला तर केटीएम 390 बघा. आपल्या चाकणचीच आहे!