ब्लूज सोलो वाजवताना श्वास कुठे घेता?

पत्रं वेगवेगळ्या गावांहून येतात, पण तक्रार एकच असते : स्केल पाठ आहे, बोटं चालतात, तरी गिटारवर वाजवलेलं ब्लूज वाटत नाही. म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र देते. सगळी उदाहरणं ए पट्टीतली आहेत, म्हणजे ए हा सा धरा.

प्रश्न : पेंटाटॉनिकचे, म्हणजे पाच सुरांच्या स्केलचे, पाचही बॉक्स (गिटारच्या मानेवरच्या बोटांच्या जागा) पाठ झाले. आता कोणती स्केल घेऊ? (सांगली)

कोणतीही नाही, पाचव्या फ्रेटपाशी, म्हणजे पडद्यापाशी, जो पहिला बॉक्स शिकलात, त्यातच महिनाभर राहा.

प्रश्न : तालाच्या जरा मागे वाजवलं की फील येतो, असं ऐकलं. मी मुद्दाम उशिरा वाजवतो, पण मित्र म्हणतात ताल चुकतोय. (नाशिक)

मित्र बरोबर सांगताहेत. मागे राहायचं असेल तर मात्रा नेमकी कुठे पडते ते आधी अंगात भिनलेलं हवं. शफलमध्ये, म्हणजे ब्लूजच्या झुलत्या चालीत, एका मात्रेचे तीन सारखे भाग होतात. पहिला स्वर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. तुम्ही बहुधा मात्रेचे दोन सारखे तुकडे करून तेच उशिरा टाकता. मेट्रोनोम ४० वर ठेवा, त्याचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरा, चारही मात्रा पायाने मोजा. आठवडाभराने एखाद्या ड्रमरकडे जाऊन तासभर वाजवा. ड्रमर नसेल तर तबलजीही चालेल, दादऱ्यातली तीन-तीनची चाल त्याच्या हातात असते. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं तयार रेकॉर्डिंग, तुम्हाला कधीच थांबवणार नाही. माणूस थांबवेल.

प्रश्न : माझ्या सोलोत चुकीचा सूर नसतो, वेगही बरा आहे. तरी बहीण म्हणते, ‘रियाज चाललाय वाटतं.’ फ्रेझिंग, म्हणजे सुरांची वाक्यं पाडणं, सुधारायला काय करू? (कोल्हापूर)

तुमच्या बहिणीला कान आहे. तिला जवळ बसवून वाजवत जा.

आता मला सांगा, वाजवताना तुम्ही श्वास कुठे घेता? गाणाऱ्याला दमासाठी थांबावंच लागतं, बासरीवाल्यालाही. गिटारवाल्याला शरीर अडवत नाही, त्यामुळे तो पहिल्या बारपासून (बार म्हणजे चार मात्रांचा गट) बाराव्या बारपर्यंत वाजवतच राहतो. वाक्य कुठे संपलं ते त्यालाही कळत नाही आणि ऐकणाऱ्यालाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाचं दुखणं हेच असतं, आणि जवळजवळ प्रत्येक जण त्यावर नवी स्केल मागतो.

ब्लूजचं कडवं कसं बांधलेलं असतं ते पाहा. बारा बार, तीन ओळी, एका ओळीला चार बार. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, मग तिसरीने गोष्ट पुढे न्यायची. गाणारा आपली ओळ साधारण दोन-अडीच बारांत संपवतो आणि उरलेल्या जागेत गिटार उत्तर देते. अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांच्या श्रमगीतांत आणि चर्चमध्ये एकाने साद घालायची आणि बाकीच्यांनी प्रतिसाद द्यायचा, ही रीत होती. ती ब्लूजमध्ये अशी उतरली. ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग तर उघड सांगायचे, की मला गाणं आणि वाजवणं एकाच वेळी जमत नाही. ते गायचे, थांबायचे, मग त्यांची गिटार ल्युसिल बोलायची. नोव्हेंबर १९६४ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला होता, तो ऐका. पहिल्या खेपेला सुरांकडे लक्ष देऊ नका, प्रत्येक वाक्य संपतं कुठे तेवढंच ऐका.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला ६० मात्रांच्या गतीत चार मात्रांचा बार चार सेकंदांचा, म्हणजे पूर्ण फेरी ४८ सेकंदांची आणि एक ओळ १६ सेकंदांची. त्यातले आठ सेकंद बोला आणि आठ सेकंद गप्प राहा. पहिल्या दिवशी ती शांतता असह्य होते, हात आपोआप तारांकडे जातो. जाऊ देऊ नका.

मग गिटार खाली ठेवून मराठीतच एक कडवं म्हणा :

लाइट गेली ती अजून आली नाही.
लाइट गेली ती अजून आली नाही.
मेणबत्ती विझत आली, काडीही उरली नाही.

मोठ्याने म्हणा, गुणगुणा, आणि नंतरच गिटार घ्या. जेवढी अक्षरं तेवढेच सूर वाजवा. ‘नाही’वर आवाज उतरतो, तिथे तुमचा सूरही उतरू द्या. दुसऱ्यांदा म्हणताना तुम्ही कुठल्या तरी शब्दावर आपसूक जास्त जोर दिलात ना? कदाचित ‘अजून’वर. वाजवताना तोच जोर दिसला पाहिजे. आणि शेवटचा सूर किती वेळ धरता, व्हायब्रेटो (सुराला दिलेलं कंपन) लगेच सुरू करता की सूर स्थिर करून मग, तो हळूच विरू देता की बोट टेकवून तोडता, याकडे नीट बघा. फील म्हणून जे काही ऐकू येतं त्यातलं पुष्कळसं या शेवटाच्या सुरात असतं. सुरुवात सगळेच घोकतात.

बेंडबद्दलही, म्हणजे तार खेचून सूर चढवण्याबद्दल, बोलते. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी खेचून ई करायचा असेल, तर आधी नवव्या फ्रेटवरचा ई वाजवून तो कानात ठेवा. बेंड तिथपर्यंत पोचला नाही तर तो बेसूर आहे. गाणाऱ्याचा सूर कमी पडला की आपण लगेच नाक मुरडतो आणि गिटारवाल्याला मात्र ‘भावना आहे’ म्हणून सोडून देतो. हे मला मान्य नाही.

हे वाचून अर्धंच कळेल. तीन फेऱ्या फोनवर रेकॉर्ड करा आणि स्वतः गाणाऱ्या एखाद्या शिक्षकाला ऐकवा. गिटार शिकवणाराच हवा असं नाही.

प्रश्न : बोटांनी वाजवू की पिकने (तार छेडायच्या चकतीने)? (चिपळूण)

ब्लूज गिटारवादकांपैकी अल्बर्ट किंग अंगठ्याने वाजवायचे, फ्रेडी किंग अंगठ्यात आणि तर्जनीत घातलेल्या पिकांनी. तुम्हाला हळू आणि मोठा असे दोन्ही सूर ज्याने काढता येतात त्याने वाजवा.

प्रश्न : मी गाणं शिकले आहे. ब्लूजचे सूर मला जोगसारखे वाटतात. जोगच्या ताना गिटारवर घेतल्या तर चालेल? (पुणे)

सूर अचूक ओळखलेत. मायनर पेंटाटॉनिक म्हणजे धानीचेच पाच सूर, आणि त्यांत शुद्ध गंधार आला की जोगचे दोन्ही गंधार झाले. पण तानपुऱ्याचा सा हलत नाही. ब्लूजमध्ये पाचव्या बारला खालची ए सेव्हन कॉर्ड (साथीला एकत्र वाजणारे सूर) जाऊन डी सेव्हन येते. जो शुद्ध गंधार आत्तापर्यंत गोड लागत होता तो तिथे टोचतो. कोमल गंधार मात्र डी सेव्हनचाच सूर असल्यामुळे निवांत बसतो. कोमल निषादावरून अर्धा सूर उतरून शुद्ध धैवतावर या, म्हणजे कॉर्ड बदलल्याचं एकट्या गिटारवरही ऐकू येईल. जोगमध्ये धैवत वर्ज्य, इथे तोच उपयोगी.

पहिल्या चार बारांत कोमल गंधार किंचित चढा ठेवा : तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट जरासाच खेचा आणि शुद्धाला स्पर्श होण्याआधी सोडा. किती चढा, ते लिहून सांगता येत नाही. ताना नकोत, मींड घ्या. कॉर्ड वाजवून साथ देणारं कुणी तरी शोधा आणि त्याच्यासोबत पाचवा बार पन्नासदा करा.

प्रश्न : ‘३० दिवसांत ब्लूज फील, ५०० लिक्स’ असा ऑनलाइन कोर्स सवलतीत मिळतोय. घेऊ का? (ठाणे)

घेऊ नका. लिक्स म्हणजे तयार वाक्यं, आणि ५०० वाक्यं पाठ करून कुणी बोलायला शिकत नाही. ‘आज रात्री १२ वाजता सवलत संपते’ ही पाटी दुसऱ्या दिवशीही तिथेच असते, उघडून बघा. त्याच पैशांत महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष शिकवणी मिळते का, ते आपल्या भागात विचारा.

प्रश्न : गिटारवादक स्टीव्ही रे वॉन जाड तारा वापरायचे म्हणून मीही १३ च्या (पहिली तार ०.०१३ इंच जाडीची) लावल्या. दोन महिने मनगट दुखतंय. सवय होईल ना? (छत्रपती संभाजीनगर)

नाही. वाजवणं आज थांबवा आणि या आठवड्यात अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. दोन महिने वाट पाहिलीत हेच चुकलं. मी स्वतः अंगठ्याच्या दुखण्याकडे असंच दुर्लक्ष केलं होतं आणि वाजवण्याचे पाच महिने गमावले.

वॉन गिटार अर्धा सूर उतरवून लावायचे, त्यामुळे ताण कमी व्हायचा. ही अर्धी गोष्ट सांगणारे सांगत नाहीत. झीझी टॉप या बँडचे बिली गिबन्स ७ च्या तारांवर वाजवतात आणि त्यांचा सूर कुणाला बारीक वाटत नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ९ किंवा १० च्या तारा लावा, आणि त्या लावून गिटार दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या, कारण तारांची जाडी बदलली की मानेचा बाक आणि तारांची उंची पुन्हा जुळवावी लागते. बेंड करताना तिसऱ्या बोटामागे पहिली दोन बोटं ठेवा आणि कुलुपात किल्ली फिरवल्यासारखा हात फिरवा, एकट्या बोटाने ढकलू नका. हेसुद्धा शिक्षकासमोरच करून बघा.

प्रश्न : ज्याने दुःख भोगलं नाही त्याला ब्लूज वाजवता येत नाही म्हणतात. ब्लूज गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सननेही सैतानाकडून कला घेतली होती ना? (नागपूर)

ब्लूज ज्यांनी घडवला त्या कृष्णवर्णीय माणसांनी वंशभेद आणि शेतावरची पिळवणूक सोसली. ते वाचा, समजून घ्या, त्याचा मान ठेवा. पण शनिवारी रात्री हीच माणसं या संगीतावर नाचायचीही. तुम्ही किती सोसलंय, याची परीक्षा घेणारे लोक बहुधा तुमचं वाजवणं ऐकतच नाहीत.

सैतानाच्या कथेचा मला राग येतो, कारण त्यात एक शिक्षक गाळला जातो. मिसिसिपीतल्या हेझलहर्स्ट परिसरात जॉन्सन आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे राहून शिकले. १९३६ आणि १९३७ मध्ये त्यांनी जी २९ गाणी ध्वनिमुद्रित केली त्यांच्यामागे हा माणूस आहे. तुमच्याकडे असा कुणी आहे का, ते कळवा.

प्रश्न : सोबत रेकॉर्डिंग जोडलं आहे. कसं झालंय? (मडगाव)

पहिल्या दोन फेऱ्यांत तुम्ही कुठेच थांबलेला नाहीत, तिथे सांगण्यासारखं काही नाही. तिसऱ्या फेरीच्या सातव्या बारला बहुधा पिक निसटलं. सूर तुटला, तुम्ही पाऊण बार गप्प राहिलात, आणि आठव्यात दोनच सूर वाजवलेत. ते दोन सूर मी चार वेळा ऐकले. तेवढा भाग तुमच्या शिक्षकांना ऐकवा, आणि पुढच्या वेळी तिथे पिक न निसटताही थांबता येतं का, ते त्यांच्यासमोर करून बघा.