सरांशी बोलताना मी उभी का राहते

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी साताऱ्याहून सरांचा फोन आला आणि मी चटकन खुर्चीवरून उठले, तेव्हा तू विचारलेस, "आई, सरांना तू दिसतसुद्धा नाहीस, मग उभी का राहतेस?" आपल्याकडे तशी पद्धत आहे, एवढेच मी त्या वेळी म्हणाले. पद्धत आहे हे खरे. परंतु नुसती पद्धतच असती तर इथे म्युनिकमध्ये ती एव्हाना सुटून गेली असती, म्हणून सविस्तर लिहिते.

सर आम्हाला नववी-दहावीला भूमिती शिकवत. मराठी माध्यमातली भूमिती म्हणजे पक्ष, साध्य, सिद्धता, आणि सिद्धतेच्या प्रत्येक पायरीपुढे कंसात तिचे कारण: व्युत्क्रम कोन, संगत कोन, सामाईक बाजू. पायऱ्या आम्हाला तोंडपाठ असत, कारणे लिहिण्याचा मात्र कंटाळा. ज्या ओळीपुढे कारण नसे तिथे सर लाल शाईने 'का?' एवढेच लिहीत आणि वही परत करत. गुण नाहीत, शेराही नाही. उत्तर तर बरोबर आले आहे, अशी कुरकुर मी एकदा केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "उत्तर पुस्तकाच्या मागेही छापलेले आहे. त्यात तुझे काय, ते दाखव."

आज मी पुलांच्या आराखड्यांची आकडेमोड तपासते. एखादा आकडा कुठून आला हे कागदावर दिसत नसेल, तर माझी पेन्सिल समासात आपोआप देवनागरीत 'का?' लिहून जाते, आणि ऑफिसातल्या जर्मन सहकाऱ्यांना, मराठीचे एक अक्षर येत नसूनही, ही खूण आता चांगली ओळखता येते.

हा आग्रह सरांकडे कुठून आला असावा, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. ते माण तालुक्यातल्या दुष्काळी गावातले, आणि शिकले ते रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था १९१९ साली कराडजवळच्या काले गावी सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिथल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एकत्र राहत आणि एका पंक्तीत जेवत. मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा, मोडले. पण मुलांना धर्मादायाचे खावे लागू नये, हाही कर्मवीरांचा तितकाच कटाक्ष होता. त्यांच्या 'कमवा आणि शिका' योजनेत मुले शेतात राबत, आणि संस्थेचे ब्रीदच 'स्वावलंबी शिक्षण' हे. त्या मुशीतून निघालेल्या माणसाला आयते उत्तर कसे रुचणार, असे मला वाटते.

मात्र कष्टाचा आग्रह धरणारी माणसे पुष्कळदा कठोर होतात, तसे सरांचे झाले नाही. परळी खोऱ्यातून येणाऱ्या मुलांची एस.टी. पावसाळ्यात हटकून उशिरा पोहोचे. सर फळ्यावरची आकृती तशीच ठेवून तिच्याखाली 'पुसू नये' असे लिहीत, आणि मधल्या सुट्टीत त्या मुलांना तेच प्रमेय पहिल्या ओळीपासून पुन्हा शिकवत. त्यांचा स्वतःचा डबा बहुधा शेवटच्या तासानंतर उघडे. आम्हाला याचे तेव्हा विशेष काही वाटले नाही, कारण शिक्षक असेच असतात अशी आमची समजूत होती. ते तसे नसतात, हे पुढे कळले. छडी हेच ज्यांचे एकमेव साधन होते असेही काही मला भेटले. ते समोर आले तर मी वाकून नमस्कार करते, कारण वडीलधाऱ्यांचा मान राखावा असे माझ्यावर संस्कार आहेत, पण त्यांच्या फोनसाठी मी उठणार नाही. तू पाहतेस ते उठणे ठरवून केलेले नसते. सरांचा आवाज कानी पडला की वर्गात फळ्यापाशी उभे राहून कारण सांगायची जुनी सवय जागी होते आणि पाय आपले आपण सरळ होतात.

येत्या गुरुपौर्णिमेला मी त्यांना फोन करीन तेव्हा तूही बोल. त्यांना 'सर' म्हण, आणि 'तू' न म्हणता 'तुम्ही' म्हण. प्रकृतीची चौकशी ते दोन वाक्यांत संपवतील आणि मग तुला नक्की विचारतील, की त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंशच का भरते. त्याची तयारी आत्ताच कर. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढ, एवढे मी सांगते. पुढचे तुझे तू शोध. आणि कंसातली कारणे मराठीत पाठ कर, जर्मनमध्ये सांगून तुझी सुटका व्हायची नाही.

तुझी,
आई