हेडफोन लावला की आवाज बसतो

तू लिहिलंयस, भाषण चालू असतानाच त्याचं तोंडी भाषांतर करणाऱ्या दुभाष्याचं काम शिकतेस; वर्गात सगळं कळतं, पण हेडफोन लावला की आवाज बसतो, आणि सर म्हणतात, ‘आधी आत्मविश्वास वाढव.’ वयाने बरीच मोठी आहे, म्हणून एकेरीत लिहिते.

आत्मविश्वास असा सरसकट वाढत नाही गं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं, की माणसाचा स्वतःवरचा भरवसा त्या त्या कामापुरता असतो, आणि तो सगळ्यात पक्का होतो ते काम प्रत्यक्ष जमल्यावर. तेव्हा तुझा भरवसा नेमका कुठे डळमळतो, ते आधी शोध.

माझा आकड्यांवर डळमळायचा. पणजीतल्या एका परिषदेत वक्ते इंग्रजीत ‘थ्री मिलियन’ म्हणाले, मी ‘तीन लाख’ म्हणून गेले. चूक लगेच कळली, पण बोलायचं धाडस झालं नाही. पुढची पाच मिनिटं तोच आकडा डोक्यात, आवाज खाली गेलेला, आणि त्या नादात वक्त्यांचा एक अख्खा मुद्दा सुटला. ‘चुकले, तीस लाख’ एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं! त्यानंतर महिनाभर रोज १५ मिनिटं फक्त आकडे केले. ‘फोर्टी-फाइव्ह’मध्ये चाळीस आधी येतात, ‘पंचेचाळीस’मध्ये पाच आधी. म्हणून आकडा पुरता ऐकायचा, अंकात लिहायचा, मगच बोलायचा. बूथमध्ये, म्हणजे दुभाष्यांच्या बंद खोलीत, दोघं असतात, साधारण २०-३० मिनिटांनी पाळी बदलते. आपली पाळी नसेल तेव्हा जोडीदाराला आकडे लिहून द्यायचे.

मराठीतून इंग्रजीत जाताना घाई नडते. ‘हा प्रस्ताव सरकारला मान्य...’ इथेच तोंड उघडलंस आणि पुढे ‘नाही’ आलं, की संपलं. दोन-तीन सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला खुपत नाही, आपल्यालाच ती फार वाटते.

एक मात्र जपून. आवाज ठाम झाला म्हणजे भाषांतर बरोबर झालं असं नाही. सुटलेला मुद्दा ठणठणीत आवाजात स्वतःच्या मनाने भरणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि मला त्यांचीच जास्त काळजी वाटते. म्हणून रेकॉर्डिंग कर: एका कानात मूळ भाषण, दुसऱ्यात तू. पर्वरीच्या गोवा विधानसभेतली भाषणं घे. कोकणी, मराठी, इंग्रजी तिन्ही मिळतील. सुरुवातीला पाचच मिनिटं, आणि तेच भाषण तीनदा.