वजन परत आले, म्हणजे माझ्यात निग्रह नाही का?

उतरवलेले वजन पुन्हा वाढले की बहुतेकांच्या मनात एकच निष्कर्ष पक्का होतो: दोष आपल्या स्वभावाचा आहे. आहार-समुपदेशनासाठी येणाऱ्यांकडून मी हेच वारंवार ऐकते. बँकेत नोकरी करणाऱ्या ४२ वर्षांच्या एक बाई (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) अशाच आल्या होत्या. बहिणीच्या लग्नाआधी सकाळी काकडी, दुपारी एक फुलका आणि रात्री पातळ सूप एवढ्यावर राहून त्यांनी ११ किलो वजन घटवले होते. दीड वर्षात १३ किलो वाढले. "मॅडम, घरात सगळे म्हणतात माझा जिभेवर ताबा नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं," असे त्या म्हणाल्या.

त्यांना मी आधी मेदपेशीविषयी सांगितले. या पेशीत मेदाचा एक मोठा थेंब असतो आणि केंद्रक त्याच्या दाबाने कडेला सरकलेले असते. आपण कमी खाल्ले की त्या थेंबातील मेदाम्ले सुटून रक्तात येतात आणि स्नायूंसारख्या ठिकाणी जळतात. पेशी आकसते, पण नाहीशी होत नाही. धान्य संपले तरी कणगी घरातच राहते, तसे हे आहे. अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या आधारे पेशींचे वय मोजून स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले, की प्रौढपणी दरवर्षी सुमारे १० टक्के मेदपेशी बदलतात, परंतु त्यांची एकूण संख्या जवळपास कायम राहते, अगदी शस्त्रक्रियेने वजन उतरवले तरीही.

आकसलेली पेशी गप्पही बसत नाही. जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ज्याचे जनुक शोधले, ते लेप्टिन हे संप्रेरक ती कमी स्रवते. मेंदूला त्यातून साठा घटल्याचा निरोप मिळतो, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा हात राखून खर्च करू लागते. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातील २०२४ च्या प्रयोगांत तर वजन उतरलेल्या उंदरांच्या मेदपेशींत जनुकांच्या वापरावर नियंत्रण ठेवणाऱ्या काही रासायनिक खुणा तशाच राहिल्या, आणि स्निग्ध आहार मिळताच ते उंदीर इतरांपेक्षा लवकर जाड झाले. जिभेवरचा ताबा हा या सगळ्यातला फार छोटा भाग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

"म्हणजे प्रयत्नच करू नयेत का?" हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठायला सांगितले. तिसऱ्या वेळीच त्यांचा हात गुडघ्यावर गेला. व्यायाम आणि पुरेशी प्रथिने नसतील, तर उपासमारीत शरीर मेदाबरोबर स्नायूही मोडते, आणि परत येणारे वजन मुख्यत्वे मेदाचे असते. जेवणानंतर रक्तातील साखर सर्वाधिक प्रमाणात उचलतो तो स्नायू. इन्शुलिनचा संकेत मिळाला की ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिने त्याच्या पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि साखर आत घेतात. स्नायूत मेद साचला की हा संकेत अडखळतो. मात्र आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनवाचूनही ती वाहक प्रथिने वर आणतो. बाईंची उपाशीपोटीची साखर ११२, म्हणजे हवी त्यापेक्षा थोडी जास्त होती, त्यामुळे ही गोष्ट त्यांना लगेच पटली.

वजनकाटा यातले काहीच दाखवत नाही. (व्यायामशाळांतील चरबी मोजणाऱ्या यंत्रांचे आकडेही पाणी पिण्याने हलतात, त्यांवर मी फारशी विसंबत नाही.) पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेची मर्यादा मला किलोंपेक्षा महत्त्वाची वाटते.

आम्ही वजनाचे उद्दिष्टच ठरवले नाही. दोन्ही जेवणांत उसळ, दही किंवा अंडे, जेवणानंतर थोडे चालणे आणि आठवड्यातून दोनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम, एवढेच ठरले. सहा महिन्यांत वजन तीनच किलो उतरले, परंतु कंबर पाच सेंटिमीटरने कमी झाली आणि उपाशीपोटीची साखर ९८ वर आली. "तीनच किलो?" ही त्यांची तक्रार अजून आहे, पुढच्या भेटीला त्या यजमानांनाही घेऊन येणार आहेत, कारण लेप्टिनचे प्रकरण त्यांनीही ऐकावे असा बाईंचा आग्रह आहे.