पिशवी पांढरीशुभ्र, पण अळंबीचा पत्ता नाही

प्रश्न : धिंगरीच्या एका अळंबीचे बीजाणू आगरवर (बुरशी वाढवायच्या जेलीवर) पेरले. एकाच बीजाणूतून उगवलेली जोमदार वसाहत निवडून तिचं बियाणं केलं. भाताच्या पेंढ्याच्या पिशव्या पांढऱ्या झाल्या, पण दीड महिना उलटला तरी एकही कोंब नाही. ओलावा, उजेड, खेळती हवा सगळं आहे. चुकलं कुठे?

उत्तर : एकच बीजाणू निवडला, तिथेच. त्यातून वाढलेल्या बुरशीत केंद्रकं एकाच प्रकारची असतात. ती पेंढा खाते, फोफावते, पण अळंबी सहसा धरत नाही. त्यासाठी जुळणाऱ्या दुसऱ्या बुरशीशी संगम होऊन प्रत्येक पेशीत दोन वेगळी केंद्रकं यावी लागतात.

जोडी जुळते की नाही हे जनुकांच्या दोन जागा ठरवतात. ‘ए’ जागेवर इतर जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांची जनुकं असतात, तर ‘बी’ जागेवर फेरोमोन (जोडीदाराला खुणावणारी रसायनं) आणि ते ओळखणाऱ्या ग्राही प्रथिनांची. दोन्ही जागी फरक हवाच. एका अळंबीचे बीजाणू चार प्रकारचे निघतात, म्हणून भावंडांच्या चार जोड्यांत सरासरी एकच जुळते. परक्या वाणाशी मात्र बहुतेक जुळतात.

पडताळणी अवघड नाही. बटाटा-डेक्स्ट्रोज आगरवर दोन वसाहतींचे तुकडे दोन सेंटिमीटरवर ठेवा, तापमान 25 अंश. त्या एकमेकींना भिडल्यावर आठवड्याने तिथले तंतू 400 पट मोठे करून पाहा. पेशींमधल्या आडव्या भिंतीशी बाजूला चिकटलेली लहानशी कडी दिसली, तर जोडी जुळली. कडी वाकली पण तिचं टोक भिंतीपलीकडच्या पेशीला न जुळता मोकळंच राहिलं, तर ‘ए’ वेगळं, ‘बी’ एकच.

खरं तर लागवडीसाठी बीजाणूंच्या वाटेला जाऊच नका. ताजी, कोवळी अळंबी हाताने उभी फाडा (सुरीने कापल्यास बाहेरची घाण आत जाते) आणि टोपी-देठाच्या सांध्यातला आतला तुकडा आगरवर ठेवा. त्यात दोन्ही केंद्रकं आधीच असतात. सध्याच्या पिशव्या खतात घाला, वाट पाहून त्यांना फळ येणार नाही.

बटन अळंबीचा अनुभव इथे लावू नका. तिच्या बहुतेक बीजाणूंत दोन केंद्रकं असतात, त्यामुळे एकाच बीजाणूची वसाहतही बहुधा फळते.

प्रश्न : जोडी जुळली की अळंबी आपोआप येते का?

उत्तर : नाही, पुढेही पायऱ्या आहेत. याचा सर्वांत बारीक अभ्यास ‘शिझोफायलम कम्यून’ या वाळक्या लाकडावरच्या बुरशीत झाला, तिचा जीनोम (संपूर्ण जनुकसंच) 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. डब्ल्यूसी-1 आणि डब्ल्यूसी-2 ही जनुकं निळा प्रकाश ओळखतात. यांतलं एक जरी काढलं तरी बुरशी आंधळी होते, वाढते पण फळत नाही. होम2 किंवा एफएसटी4 हे जनुक नसेल तर तंतूंचा पहिला पुंजकाही बांधला जात नाही. सी2एच2 नसेल तर पुंजके होतात, पण त्यांचे कोंब होत नाहीत. एफएसटी3 काढलं की अळंबी संख्येने वाढतात आणि आकाराने लहान राहतात. बटन अळंबीत सी2एच2 जास्त चालवल्यावर पीक एक दिवस लवकर आलं, संख्या आणि वजन तेवढंच राहिलं.

म्हणून पिशवी पांढरी होईपर्यंत अंधार चालतो, कोंब धरताना मात्र रोज काही तास उजेड द्याच. कार्बन डायऑक्साइड कोंडला तर देठ लांबतात, टोप्या बारीक राहतात. तेव्हा आधी खिडकी उघडा, बियाण्याला दोष नंतर द्या.