परसातले टर्फ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : घरामागे 12 मीटर लांब, 8 मीटर रुंद जागा आहे. मुलांना क्रिकेट-फुटबॉल खेळायला टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, घालायचे आहे. ठेकेदार म्हणतो, जांभ्याची जमीन कठीणच असते, वाळू पसरून वर थेट रोल अंथरू. चालेल का?
– एक वाचक, रत्नागिरी तालुका

उत्तर : चालणार नाही. तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर तुमच्या 96 चौरस मीटरवर 4,800 लिटर पाणी पडते आणि आषाढात अशा सरी काही कमी नसतात. टर्फच्या पाठीला भोके असतात, त्यांतून पाणी खाली जाते. पण खाली कातळ असेल तर ते तिथेच तुंबते, वाळू हलवते आणि जागोजागी खड्डे पडतात. पैसा आधी टर्फखालच्या पायाभरणीत घाला. टर्फ थोडे हलके घेतले तरी निभेल.

15 ते 20 सेंटिमीटर खोदा. कातळ लागला तर फोडत बसू नका, चिऱ्याची कड बांधून भराव वर घ्या. उतार तळालाच द्यायचा, घरापासून दूर, 1 टक्का; म्हणजे 8 मीटर रुंदीत 8 सेंटिमीटर. तो नळीत पाणी भरून तपासा, नजरेने नाही. सखल कडेला भोके पाडलेला 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप जिओटेक्स्टाइल कापडात (पाणी जाऊ देणारे, माती अडवणारे कापड) गुंडाळून टाका आणि बाहेर गटाराला काढा. चढाच्या बाजूला उघडा चर हवाच. हा चर बहुतेक कामांत गाळला जातो, मग वरून येणारी लाल माती टर्फमध्ये बसते आणि पाठीची भोके बुजतात. एकदा बुजली की ती मोकळी करणे फार कठीण.

लव्हाळा असेल तर गाठींसकट खणून काढा, त्याचे कोंब कापडालाही भोसकून वर येतात. मग जिओटेक्स्टाइल, त्यावर 20 ते 40 मिलिमीटरची काळी खडी दाबून 10 सेंटिमीटर, त्यावर 6 ते 10 मिलिमीटरचे ग्रिट, म्हणजे बारीक खडी, 4 सेंटिमीटर. दाबाई धरून खडी सुमारे सव्वाचार ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट) आणि ग्रिट पावणेदोन ब्रास लागेल. स्वस्त म्हणून जांभ्याचे तुकडे घेऊ नका. रोलरखाली त्यांचा भुगा होतो आणि पावसात चिखल. क्रशरच्या पुडीचा जाड थरही नको, ती ओली होऊन घट्ट बसते आणि पाणी अडवते.

टर्फ 30 ते 40 मिलिमीटर उंचीचे, पाठीला लॅटेक्सऐवजी पॉलियुरेथेनचा लेप असलेले घ्या. सतत ओल राहिली की लॅटेक्स लवकर सुटते. 4 मीटर रुंद रोल मिळाला तर एकच सांधा येतो. 2 मीटरच्या रोलला तीन सांधे, म्हणजे सांध्याखाली चिकटवायची 36 मीटर जोडपट्टी. पात्यांमध्ये भरायला धुतलेली सिलिका वाळू, 0.4 ते 0.8 मिलिमीटर, चौरस मीटरला 15 किलो. एकूण 1,440 किलो, 50 किलोच्या 29 गोण्या. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. वाळू पूर्ण कोरडी हवी, नाहीतर ती पात्यांच्या टोकांनाच चिकटून राहते. तीन-चार हातांत पसरा आणि प्रत्येक वेळी पाती उभी राहतील असा ब्रश फिरवा. छपराची पागोळी टर्फवर पडत असेल तर आधी पन्हळ बसवा, नाहीतर तेवढ्या रेघेतली वाळू दरवर्षी धुऊन जाईल.

प्रश्न : मे महिन्याच्या अखेरीस घातलेल्या टर्फचे सांधे पावसाळ्यानंतर उघडले. गोंद फेसासारखा फुगलेला दिसतो. काय चुकले?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फेस हीच खूण. पॉलियुरेथेन गोंदाला ओल लागली की त्यात वायूचे बुडबुडे होतात आणि पकड जाते. वळिवानंतरच्या ओल्या ग्रिटवर किंवा दव पडलेल्या जोडपट्टीवर तो लावला गेला असणार. शिवाय भर दुपारी ताणून लावलेले टर्फ प्रसरण पावलेले असते. रात्री आखडते आणि सांधा ओढला जातो.

दुरुस्तीसाठी दोन्ही बाजूंना वीसेक सेंटिमीटर टर्फ उलटा, जुना गोंद खरवडा, जागा दिवसभर वाळू द्या. नवी 30 सेंटिमीटर रुंद पट्टी घाला. दोन भाग मिसळून वापरायचा गोंद दातेरी थापीने लावा, मीटरला साधारण 400 ते 500 ग्रॅम. दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी काम उरका. दोन्ही काठ जेमतेम भिडवा, पाती गोंदात अडकू देऊ नका आणि वर वाळूच्या गोण्या ठेवून 24 तास कुणाला पाय ठेवू देऊ नका. नवे काम दिवाळी ते होळी या काळातच घ्या.

प्रश्न : उन्हात टर्फवर पाय ठेववत नाही. शिवाय भिंतीलगतचा एक पट्टा वितळल्यासारखा झाला आहे.
– एक वाचक, मस्कत

उत्तर : भर उन्हात टर्फचा पृष्ठभाग 60 अंश सेल्सिअसच्या वर सहज जातो. पाणी मारल्यास उतरतो, पण थोड्या वेळात पुन्हा चढतो. त्यात दमट हवेत पाणी सावकाश सुकते, त्यामुळे गारवाही कमीच. काळ्या रबराचे दाणे भरले असतील तर व्हॅक्यूमने काढून फिकट सिलिका वाळू भरा आणि वर 50 टक्के ऊन अडवणारी शेडनेट ताणा. तरीही उन्हाळ्यात मुलांना सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतरच खेळू द्या. अनवाणी तर मुळीच नाही.

वितळलेल्या पट्ट्यासमोर खिडकी आहे का ते बघा. उष्णता परतवणाऱ्या दुहेरी काचेवरून आलेली तिरीप एका जागी एकवटते आणि पॉलिथिलीनची पाती मुरडतात. ती पुन्हा सरळ होत नाहीत. खिडकीवर बाहेरून जाळी लावा, मगच तेवढा तुकडा बदला.

प्रश्न : आंब्याखालच्या टर्फवर चिकट काळा थर येतो आणि पावसाळ्यात शेवाळ.
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : मोहरावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खाली पडतो, त्यावर काळी बुरशी धरते. सौम्य साबणाच्या पाण्याने ब्रश करून भरपूर पाण्याने धुवा. चिकटा वाळूत मुरू देऊ नका, म्हणजे मोहराच्या दिवसांत दर आठवड्याला धुणे आले. शेवाळाला आधी फांद्या छाटून ऊन-वारा मिळवून द्या, पालापाचोळा साचू देऊ नका. उरलेल्यावर सोडियम हायपोक्लोराइट पाण्यात पातळ करून मारा आणि दहा मिनिटांनी धुऊन टाका. आधी कोपऱ्यात रंग उडतो का ते पाहा. हे पाणी झाडाच्या बुंध्याशी जाता कामा नये.